पीठ थांबत नाही

– नाही हो भाऊ, ओव्हनचा चौथा स्क्रू कुठे गेला ते मला काय माहीत? तीनच असतील. कंपनीनेच तीन दिले असतील, हल्ली कोण कशात पुरतं सामान देतं? बिस्किटाच्या पुड्यात निम्मी हवा असते, तसंच हे. तुम्ही त्या फ्रिजखाली हात घालून काय शोधताय, तिथे गेलेली वस्तू परत येत नाही, माझं एक कानातलं गेलंय तिथे. उठा. चहा घ्या आधी. नाही, घ्याच, मी टाकलाय. आणि एवढी घाई कशाला? दुपारी यांनी फोन केला तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, पाचनंतर येतो म्हणून – मी इथेच उभी होते, सगळं ऐकू येत होतं – आणि आलात दोनला. दुरुस्तीवाला वेळेआधी आला, असं माझ्या उभ्या जन्मात झालेलं नाही. नळवाला बुधवारी येतो म्हणून गेला, त्याचा बुधवार अजून उजाडायचाय. आणि तुम्ही आजच नेमके – असो. आलात, बरं झालं. बसा. त्या खुर्चीवर नको, तिच्यावर पीठ आहे. त्या दुसरीवरही आहे. या घरात पीठ नाही अशी जागा तुम्ही मला दाखवा, मी तुमचा सत्कार करते.

आमचे हे बेकरीत होते ना. अडतीस वर्षं. मुख्य कारागीर, भट्टी यांच्या ताब्यात. रात्री एकला उठून जायचे आणि सकाळी नऊला यायचे; मी माझं अंथरूण काढायचे, हे आपलं घालायचे. संसार म्हणजे आमचा पाळीचा कारखाना होता. लेक झाली ती कधी आणि कशी, ते माझं मलाच कोडं आहे. – हसू नका, चहा सांडेल. – तर अडतीस वर्षं या माणसाने अख्ख्या गावाला पाव खाऊ घातला, आणि घरी? घरी पावाचा तुकडा तोंडाला लावला नाही. वास आला की ड्यूटी आठवते म्हणायचे. घरी आले की मी जे ताटात घालीन ते मुकाट खायचे, मीठ कमी असो, जास्त असो. असा नवरा मिळायला भाग्य लागतं म्हणतात. मिळाला होता हो मला. मग निवृत्त झाले आणि गेला तो.

निवृत्त म्हणजे – आता तुम्ही बाहेरचे, तुम्हाला काय सांगायचं – पण निवृत्त झाले नाहीत, केले. थोरले मालक गेले, धाकटे आले, त्यांनी पीठ मळायचं यंत्र आणलं. खोलीएवढं. आणि यांना म्हणाले, काका, आता तुम्ही हात घालू नका, तुम्हाला दारात खुर्ची टाकून देतो, तुम्ही नुसती देखरेख करा. खुर्ची! ज्या माणसाने अडतीस वर्षांत त्या भट्टीपुढे पाठ टेकली नाही, त्याला खुर्ची. यांनी काही वाद घातला नाही. कमरेचं ॲप्रन सोडलं, घडी केली, त्या खुर्चीवर ठेवलं आणि म्हणाले, या दारात पुन्हा माझा पाय पडणार नाही. आणि नाही पडला. दोन वर्षं झाली. बाजारात जायचं तर तो रस्ता सोडून लांबून जातात, उन्हातून, पार पाण्याच्या टाकीला वळसा घालून. मी म्हटलं, अहो रस्त्याने काय घोडं मारलंय तुमचं? तर म्हणे, रस्त्याला वास येतो.

पहिलं वर्ष हे नुसते बसून होते. पेपर वाचायचे, तोही शेवटच्या पानापासून. आणि दुपारी माझ्या मागे येऊन उभे राहायचे. कांदा एवढा जाड का? झाकण आत्ताच का? अहो, तीस-पस्तीस वर्षं तुम्ही मिटल्या तोंडाने गिळलंत, तेव्हा कांदा जाड नव्हता का? मी अगदी जेरीला आले होते. मग लेकीने हा ओव्हन पाठवला, वाढदिवसाला – त्यांच्या. माझ्या वाढदिवसाला गुडघ्याचा पट्टा पाठवला. प्रेमानेच पाठवला हो, पट्टा चांगला आहे, पण पट्टा तो पट्टाच. कोणी पट्ट्याभोवती जमून वा वा करत नाही.

तर ओव्हन आला, आणि पहिल्याच दिवशी यांनी पाव करायला घेतला. आता यांना माप येतं ते पोत्याचं. त्याहून कमी पिठाचा पाव यांनी जन्मात केलेला नाही. दोन पावांना मीठ किती, पाणी किती – काही पत्ता नाही! मी म्हटलं, भागाकार करा. तर म्हणे, पीठ भागाकाराने चालत नाही, हाताला कळतं, आणि माझ्या हाताला एवढंसं पीठ कळतच नाही. मग हाताला कळेल एवढं घेतलं. पाव पोतं. मळलं कशात, तर माझ्या कपड्यांच्या टबात. या ओव्हनमध्ये एका वेळी मावतात पाव दोन. दीड दिवस हा ओव्हन चालू होता. खालच्या शिक्षिकाबाईंना चार, वरच्या पोस्टमास्तरांना चार – त्यांच्या तोंडात दात तेवढेच असतील – समोरच्या शिंप्याला चार, शेवटी रस्त्यावरची कुत्रीसुद्धा आम्हाला बघून तोंड फिरवायला लागली.

पण शिकले. हे मात्र खरं, शिकले. आणि मग सुरू झालं. ती बरणी बघा, त्या कपाटात, कापड बांधलेली. हात लावू नका! ते खमीर आहे. जिवंत असतं म्हणे. त्याला सकाळ-संध्याकाळ पीठ आणि पाणी द्यावं लागतं, थंडी लागली तर टॉवेलात गुंडाळावं लागतं. हे तिला धाकटी म्हणतात. धाकटीचं पोट भरलं का, धाकटी आज जरा सुस्त आहे. मला ताप आला होता मागच्या महिन्यात, तेव्हा मला कोणी टॉवेलात गुंडाळलं नाही. थोरली फोनवर, धाकटी बरणीत, आणि मी? मी ओटा पुसायला. ओटा तरी कुठला, ओटा गेला. माझे डबे वरच्या फळीवर गेले, त्यांच्यावर चिठ्ठ्या लागल्या – हळद. मला चाळीस वर्षांनी चिठ्ठी वाचून कळणार की ही हळद आहे! माझं मोठं पातेलं माळ्यावर गेलं. का, तर जागा खातं. अहो, त्या पातेल्याने हे घर पोसलंय.

ते बघा, ते. शेगडीवर आहे ते. आज उतरवलं मी. स्टुलावर चढून, गुडघ्याला पट्टा लावून. बटाट्याचा रस्सा आहे – साधाच, त्यात काही नाही, कांदा खूप, तो लाल व्हायच्या थोडा पुढे न्यायचा, लोक घाबरून आधीच पाणी ओततात, तिथेच चुकतं सगळं. कांद्याला सोडून जायचं नसतं. उभं राहायचं त्याच्यापाशी, दुसरं काही करायचं नाही, हळूहळू तो आपला मऊ होतो, गोड होतो, बुडाला चिकटतो, मग तो खरवडून पुन्हा त्यातच घालायचा. आज सकाळी अकरापासून मी हेच करतेय. ओव्हन बंद, ओटा मोकळा, मी आणि माझा कांदा. खोटं कशाला बोलू, गाणं म्हणत होते मी. लेक लहान होती ना, तेव्हा जेवणं झाली की हे पातेलं मांडीत घेऊन बसायची आणि चमच्याने बुडाची खरवड काढून खायची. कर्र कर्र आवाज, शेजारी ऐकायचे. आज सहाला येतेय ती. तीन वर्षांनी.

आता तुम्हाला कळलं असेल यांची सकाळपासून का धांदल उडालीय. परवा तिचा फोन आला, स्पीकरवर टाकला यांनी. म्हणाली, बाबा, तुमच्या पावाचे फोटो मी ऑफिसात सगळ्यांना दाखवले, मला आल्या आल्या गरम पाव पाहिजे. मी मागून म्हटलं, आणि मी काय करू तुझ्यासाठी? तर म्हणाली – चांगल्या मनाने म्हणाली हं, पोर गुणाची आहे – आई, तू काही करू नकोस, तू आराम कर, बाबांचा पाव असला की झालं.

तू काही करू नकोस.

मी हो म्हटलं. बरं म्हटलं. नीट ये म्हटलं. आणि आत जाऊन भांडी घासली, घासलेलीच पुन्हा. मला वाईट वाटलं हो. त्यात फिरवून सांगण्यासारखं काही नाही, साधं वाईट वाटलं. सोळा वर्षं तिचा डबा केला मी, एक दिवस चुकला नाही, आणि या माणसाला जेमतेम वर्ष झालंय ओट्यापाशी येऊन. त्या रात्री मला झोप – जाऊ दे. तुम्ही तुमचं काम करा. मागचा पत्रा काढलात? काढा, काढा. नाही, म्हणजे सावकाश काढा. पाचला झालं तरी चालेल. सहाला झालं तर उत्तमच.

आधी हे चाखून बघा. घ्या चमचा. मीठ बघा फक्त. मला आता माझं मीठ कळत नाही, सकाळपासून दहादा चाखलंय. काय? – बरोबर आहे ना? खरं सांगा, तोंडदेखलं नको. – आणखी घ्या, वाटीत देते, घ्या हो, सकाळपासून पोटात काय असेल तुमच्या. कसं आहे? – काय म्हणालात?

याच्याबरोबर पाव पाहिजे होता?

वा. वा भाऊ. तुम्ही कुणाचे आहात नक्की, यांनी पढवून पाठवलंय का तुम्हाला? आमच्या घरात येऊन, माझ्या हातचा रस्सा खाऊन – पाव पाहिजे म्हणे! घ्या तो चमचा आणि प्या, पाव नाहीये. ओव्हन बंद आहे म्हणून तर तुम्हाला बोलावलंय. – नाही, रागावले नाही मी. रागावले नाही. तुम्ही बोललात त्यात चूक काहीच नाही, तेच तर दुखणं आहे. आता बोललात म्हणून सांगते, कोणाला बोलू नका. यांचा पाव चांगला असतो. चांगला म्हणजे – ओव्हनमधून बाहेर काढला ना, की तो कुरकुरतो. वरचं साल थंड होताना तडतडतं, बारीक बारीक, पाच-सात मिनिटं. आम्ही दोघं इथे या ओट्याशी कान लावून ऐकतो, खुळ्यासारखे. हे बोट वर करतात, हं, ऐक, आता बोलायला लागला. बोलायचं काही नाही, पंखा बंद. लग्नाला एवढी वर्षं झाली, आम्ही एका वेळी एका ठिकाणी जागे असे किती बसलो असू? आणि रात्रीचा उरलेला रस्सा असला की मी त्याचा टोकाकडचा तुकडा मोडते, त्या फ्रिजच्या दाराआड उभी राहून बुडवून खाते. यांना दिसू नये म्हणून. यांनी विचारलं, कसा झालाय, तर मी म्हणते, बरा आहे. बरा! एका वर्षात त्याच्या वरचा शब्द नाही दिला मी त्यांना.

तर आता ओव्हन बंद, म्हणजे पाव नाही, आणि आमच्या लेकीला आज आईच्या हातचंच खावं लागेल. नशीब म्हणायचं, दुसरं काय. हे आज बाराला ओव्हन तापवायला गेले तर दिवा लागेना. प्लग बघितला, फ्यूज बघितला, मग तुम्हाला फोन. तुम्ही म्हणालात पाचनंतर. मला वाटलं संपलं, आता हे हात झटकून बसतील, चार शिव्या देतील विजेला आणि म्हणतील, चल, तुझा रस्साच वाढू. कुठलं हो! हे बादलीपाशी गेले. कालपासून भिजवलेलं पीठ, लेकीसाठी म्हणून खास, बादलीच्या काठापर्यंत आलेलं. बोट घालून बघितलं. चेहरा असा झाला की – मी म्हटलं, ठेवा की फ्रिजमध्ये, उद्या भाजा. तर म्हणाले, हे आता फ्रिजचं राहिलेलं नाही, दोन-तीन तासांत बसेल. पीठ कोणाच्या बापाची वाट बघत नाही. हे मला माहीत असायला नको? अडतीस वर्षं ऐकतेय. अंगात ताप असताना, बाहेर वादळ असताना, माझे वडील गेले त्या रात्रीसुद्धा हे एक तास भट्टीवर जाऊन आले, पीठ उभं आहे म्हणून. आणि माझ्या डोक्यात इतकंच – ओव्हन बंद म्हणजे पाव बंद. पिठाचा मी विचारच केला नाही. बेकरीवाल्याची बायको, आणि पिठाचा विचार केला नाही.

मग दीडला चांगला शर्ट घातला. इस्त्रीचा. बादलीवर ओलं फडकं बांधलं. मी म्हटलं, कुठे? तर म्हणाले, भट्टीवर. मी म्हटलं, कुठल्या? तर नुसतं बघितलं माझ्याकडे. भट्टी एकच आहे हो त्यांना. – चपला घातल्या आणि गेले. फोन इथेच, तो बघा धाकटीच्या शेजारी. आता पोचले असतील तिथे. दारात उभे असतील, ती खुर्ची असेल अजून तिथे, आणि त्या काल मिशी फुटलेल्या मालकाला म्हणत असतील, साहेब, जरा तासभर जागा देता का. माझा नवरा. बादली घेऊन.

नको, चहा नको मला. जरा खिडकी उघडते. धूर कोंडलाय कांद्याचा, डोळे चुरचुरतात.

– अगंबाई.

भाऊ, इकडे या. या जरा. तुमची नजर चांगली असेल, माझा चष्मा कुठे – असू दे, तुम्ही सांगा. त्या बस-थांब्यावर, त्या टोकाला बाकावर, निळा शर्ट. मांडीवर काय आहे त्याच्या? बादली आहे ना? वर पांढरं काही? – गेलेच नाहीत हो. दीडला निघाले, आता अडीच वाजत आले, अजून इथेच बसलेत. आणि ही बस आली बघा, हीच जाते तिकडे. थांबली. चढतील आता. उठले. – नाही चढले. उठले आणि पुन्हा बसले. गेली बस. दहा मिनिटाला एक बस आहे या रस्त्याला, म्हणजे किती बस सोडल्या असतील? आणि ते काय करतायत? अहो, पीठ वर येतंय बादलीतून, फडकं फुगलंय, आणि हे त्याला बुक्की मारून खाली बसवतायत. शेजारची बाई उठून लांब गेली. जाईलच की, बस-थांब्यावर माणूस बादलीला मारत बसलाय म्हटल्यावर!

मी हसतेय का रडतेय ते मला विचारू नका.

त्यांना जाता येत नाही भाऊ. आणि घरीही येता येत नाही, कारण लेकीला पाव कबूल केलाय. दोन वर्षं पाण्याच्या टाकीला वळसा घातला त्यांनी, एवढा एकच मान शिल्लक होता गाठीला, आणि तो मोडायला त्यांना मी – तुम्ही तो स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन असे काय बघताय माझ्याकडे? काय सापडलं? वायर? कुठली वायर? निसटलीय म्हणता. मग, निसटत असतील वायरी. जुना झाला की – एकच वर्ष झालंय, हो, माहीत आहे. आपोआप निसटत नाही म्हणता. ओढावी लागते. चिमट्याने. वर ओरखडे आहेत चिमट्याचे.

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते तुम्ही आल्यापासून मला कळतंय. घ्या. हा घ्या तुमचा चौथा स्क्रू. हळदीच्या डब्यात होता. यांनी चिठ्ठी लावली म्हणून राग होता माझा त्या डब्यावर, त्यातच टाकला. हे अंघोळीला गेले होते सकाळी, वीस मिनिटं लागतात त्यांना, मी प्लग काढला – एवढी अक्कल आहे मला – आणि पाठीमागचे स्क्रू दहाच्या नाण्याने काढले. फ्यूज काढला असता तर त्यांनी लगेच लावला असता, म्हणून वायर ओढली, लाल दिसली ती. परत लावताना पाण्याचा आवाज थांबला, घाईत तीनच लागले. हं. झालं. झालं समाधान? जीव गेला असता म्हणता – गेला असता तर बरं झालं असतं, निदान आज तरी सगळ्यांनी माझ्याबद्दल बोललं असतं. नाही, नाही, तसं म्हणायचं नाही मला. रागावू नका. मला फक्त एक संध्याकाळ पाहिजे होती हो. एकच. तिने या पातेल्याशी बसावं, आणि म्हणावं, आई, अगदी तसंच. बाकी मी त्यांचं काही नेत नव्हते. उद्या सकाळी मीच वायर लावली असती.

किती वेळ लागेल? – दोन मिनिटं? इतकंच? मग लावा की! बघताय काय, लावा! मघाशी सावकाश म्हणाले होते ते मी म्हणाले नव्हते. तो कप बाजूला ठेवा, मी धरते पत्रा, धरते हो. – ही दुसरी बस आली. बसून आहेत. बसा, बसा तसेच, चढू नका. – उठलेत. भाऊ, उठले. एक पाय ठेवला आत. कंडक्टर काहीतरी म्हणतोय, बादलीकडे हात करतोय. ठेव ना रे बाबा भांडण काढून, काढ मोठं भांडण, घेऊ नकोस बादली! – उतरले. देव त्या कंडक्टरचं भलं करो, उद्धट दिसतोय मेला, फार चांगला माणूस आहे.

लागला? दिवा लागला? अगं माझी बाई, लागला. पूर्ण वर फिरवा ते बटण, पार शेवटपर्यंत, तापायला वीस मिनिटं घेतो. सरका. सरका खिडकीतून.

अहो! – अहो, इकडे! वर बघा! – डावा कान कामातून गेलाय त्यांचा, भट्टीच्या घरघरीने. – अहोऽ! ओव्हन झाला! चालू झाला! या वर!

बघितलं. उभे राहिले. काय? काय विचारतायत? तुम्हाला ऐकू येतंय? – काय बिघडलं होतं, विचारतायत. अहो, बिघडलं होतं ते राहू द्या, या आधी! – पुन्हा तेच. नाही, ऐकणार नाहीत ते, कारागीर माणूस, कारण कळल्याशिवाय जागचा हलणार नाही. काय सांगू? तुम्ही सांगा ना, तुम्ही दुरुस्तीवाले, तुमच्याकडे असतील हजार कारणं, सांगा की काहीतरी जळलं होतं. – तुम्ही बॅग काय आवरताय खाली मान घालून! बरं. बरं. तुम्ही खोटं बोलत नाही, मी एकटीच बोलते. शिक्षिकाबाई आल्या गॅलरीत. आलात? पोस्टमास्तर पण आले, छान झालं, शिंपी दुकानातून बाहेर आलाय. सगळे आलात? ऐका मग.

मी वायर उपटली होती! – मी! – हो, मुद्दाम! सकाळी! तुम्ही अंघोळीला होतात तेव्हा! – का म्हणजे? मला तुमच्या पावाचा हेवा वाटला म्हणून! – हेवा, हेवा! – आणि चांगला असतो तुमचा पाव! बरा नाही, चांगला! मी चोरून खाते रोज!

रस्त्याच्या मधोमध आलेत आणि थांबलेत, मोटारवाला हॉर्न वाजवतोय त्याच्याकडे लक्ष नाही. चेहरा दिसत नाही हो मला इथून. भाऊ, तुम्ही बघा ना, कसा आहे चेहरा? रागावलेत? – नको, सांगू नका. मला कळेल आता वर आल्यावर. निघाले. चालायला लागले. बादली छातीशी धरलीय, दोन्ही हातांनी, फडकं पार वर आलंय, हनुवटीला लागेल त्यांच्या.

जा तुम्ही. जा, जा, काय द्यायचं ते उद्या येऊन घेऊन जा. चहाची बशी राहू द्या. जिन्यात भेटतील, काही बोलू नका, नुसती वाट द्या, उतरताना भिंतीकडून उतरा. आणि दार ओढू नका जाताना. उघडंच राहू द्या. त्यांचे दोन्ही हात गुंतलेत.